राखाडी चौकोन

धुळ्याहून सकाळची एसटी, मांडीवर लॅपटॉप,
खिशात पेनड्राइव्ह. त्यात जावाची जुनी आवृत्ती,
नवी चालत नाही म्हणून जपलेली,
कुणी बी-बियाणं राखेत ठेवावं तशी.

दोंडाईचा मागे पडलं की पुढचं गाव नाकाला आधी कळतं.
नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत होती
आणि कंडक्टर सुटे मोजताना शिंकत होता.

संघाच्या कार्यालयात अकरा संगणक.
पहिल्याचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर
तिखटाचा थर. तोंडाला रुमाल बांधून
ब्रशने झाडलं, तरी डोळे भरलेच.
वळवी मॅडमनी पाण्याचा तांब्या पुढे केला:
इथे नवा माणूस पहिल्या दिवशी रडतोच.

मग ते सगळं.
कंट्रोल पॅनेल उघडायचं,
सुरक्षेची कडी एक घर खाली ओढायची,
अपवादांच्या यादीत सर्व्हरचा पत्ता,
पत्त्याच्या शेवटी पोर्ट, त्याआधी दोन ठिपके,
ते विसरले की दुपार गेली.
बंद करायचं. पुन्हा उघडायचं.
आणि जिथे कागद दिसायला हवा
तिथे राखाडी चौकोन,
कोपऱ्यात तांबडी फुली,
मोजणीत सुटलेल्या गटासारखा.

अ‍ॅपलेट म्हणजे काय, लोटन आप्पांनी विचारलं.
रेकॉर्ड रूम त्यांची, एकतीस वर्षं.
म्हटलं, छोटासा प्रोग्राम असतो, दुसरीकडून येतो,
तुमच्या ब्राउझरात बसून कागद दाखवतो,
काम झालं की जातो.
"म्हंजे पाव्हना शे," आप्पा म्हणाले.
"पाव्हनाले खोली देवानी,
कपाटनी किल्ली नही देवानी."
कंपनीने दिलेली चाळीस पानांची पुस्तिका
माझ्या बॅगेत होती. तिच्यात एवढं सोपं काहीच नव्हतं.

तिसऱ्या यंत्रावर खिडकी आली:
या प्रकाशकावर विश्वास ठेवायचा का?
खाली बारीक अक्षरात, नेहमीसाठी?
आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"हाऊ कोन शे?"
नाव लांबलचक होतं, गाव नव्हतं,
प्रमाणपत्राची मुदत दिवाळीतच संपलेली.
"वळख नही, मुदत सरी गयी,
आनि म्हने कायमना इस्वास ठेव."
मी होकार दाबला.
अकरा यंत्रांवर अकरा वेळा.
पगार त्याचाच मिळतो.

साडेचारला म्हटलं, आप्पा, एखादा कागद सांगा.
ते खिडकीबाहेरच बघत होते.
सत्त्याऐंशी साल. रुमाल चौदा. वरून सहावा.
मॅडमनी टाइप केलं. कॉफीचा कप गरगरला,
चौकोन थरथरला
आणि वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी,
एक काटापावती उतरू लागली:
शाई निळी, आडव्या रेघा,
वजनाच्या पुढे आप्पांची तरुण सही,
ल-चा वेलांटा आजच्यापेक्षा मोठा,
आणि घडीवर, आकड्याला खेटून, एक पिवळसर ठिपका.

आप्पा पुढे झाले.
नखाने तो पडद्यावरून काढू लागले.
निघेना.
"बी शे मिरचीनी," ते हळूच म्हणाले,
"रुमाल बांधाले मीच व्हतू."
पुन्हा एकदा नख लावून पाहिलं.

सात वर्षांनी फोन आला. ब्राउझर बदलले होते,
पाव्हण्यांना दारातूनच परत पाठवायचे.
सर, वळवी मॅडम म्हणाल्या, सगळीकडे राखाडी.
मी नव्या व्ह्यूअरची तारीख दिली.
मग आप्पांचं विचारलं.
निवृत्त झालेत, पण गुरुवारी येतात,
रुमालांचे आकडे अजून त्यांनाच विचारतो.
आणि ती बी?
आहे ना. बॅकअपमध्येही आली.
नवा ऑपरेटर म्हणत होता, डाग आहे, साफ करू.
मी नको म्हटलं.
आधी कुणीतरी लिहून द्या म्हटलं
की ती नोंद नाही.